गाठ कशी सुटली

धामणवाडी, ता. पाथर्डी
१७ नोव्हेंबर २०२५

ज्योती,

इथं आशीर्वादाची ओळ लिहायची असते. ती मी मोकळी सोडली आहे. तुला घ्यावासा वाटला तर घे.

अक्षर ओळखलं असशीलच. ऊसतोडीच्या तळावर कोपीत बसून, बिभीषण लहान असताना त्याच्या अंकलिपीवरून आपलं आपण गिरवलेलं, त्याला वळण कुठून येणार. पण फोनवर माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतेस. कागद तरी हातात राहतो. तुझ्या गोजरमावशीच्या पत्त्यावर पाठवते आहे. तू राहात्याला त्यांच्याकडे आहेस आणि पेरूच्या शेडमध्ये पेट्या भरतेस, एवढं मला कळलं आहे. कुणाकडून ते विचारू नको.

काम तुझ्या ज्ञानूचं आहे, माझं नाही, म्हणून पुढं वाच.

केडगावला एक छोटी संस्था आहे. चांगली हिंडतीफिरती पोरं असतात आणि मग डोक्याला काहीतरी होतं. कुणी पडतं, कुणाचा ताप मेंदूत जातो, कुणी विहिरीतून निम्मं परत येतं. अशा पोरांना ही संस्था वर्षातून एकदा थोडीशी मदत देते. फार नाही. कुणाला बसायची खुर्ची, कुणाला घशातला चिकटा ओढायचं यंत्र, कुणाला दवाखान्याला जायचं भाडं. आरोग्य केंद्राच्या आशाताईनं तिथं ज्ञानूचं नाव कळवलं आणि मागच्या बुधवारी त्यांची मोनिका नावाची मुलगी आपल्या घरी आली. बुटकी, चष्मेवाली, बोलायला गोड. जमिनीवर फतकल मारून बसली आणि टेप काढून ज्ञानूला मापू लागली. खुब्यापासून गुडघा, गुडघ्यापासून टाच, काखेपासून बैठक. मी म्हटलं, "बाई, झंपर शिवायचाय का तिला?" तर हसली. म्हणाली, "आजी, खुर्ची मापाचीच लागते. मान धरणारी, कंबर धरणारी. हिला आडवं ठेवून भरवू नका. खाल्लेलं पोटात जायच्या ऐवजी छातीत उतरतं."

ते मला ठाऊक आहे. दोनदा छाती भरली तिची. पण सात वर्षांची पोर झाली, ज्योती. मांडीवर बसवून एका हातानं मान धरायची आणि एका हातानं घास द्यायचा, तर माझा डावा हात आता तेवढा वेळ टिकत नाही.

अडचण एकच आहे. संस्थेचा नियम असा की दुखणं जन्मानंतरचं पाहिजे. जन्मापासूनच्या पोरांसाठी वेगळ्या योजना आहेत, ह्यांची पिशवी लहान, म्हणून ह्यांनी एवढंच वाटून घेतलं आहे. आणि ज्ञानूच्या दवाखान्याच्या कागदावर आणि अपंगाच्या सर्टिफिकेटवर 'जन्मतः' असं लिहिलेलं आहे. कोणी लिहिलं, कसं लिहिलं, ते आता उकरत बसायला नको.

मढीच्या यात्रेतला फोटो तुझ्याकडे असेल. पोर पायावर चालायला लागली म्हणून तू नवस फेडलास, तिला गुळानं तोललं, तेव्हाचा. ती पारड्यातून उडी मारून उतरली आणि मुठीत गूळ घेऊन ताठ उभी राहिली, तेवढ्यात फोटोवाल्यानं काढला. खाली कोपऱ्यात तारीख छापलेली आहे. तो फोटो पाठव. आणि ती काय काय बोलायची, कशी पळायची, ते आईच्या हातानं दोन ओळी लिहून पाठव. वीस जानेवारीला त्यांची कमिटी बसते.

तू गेलीस, पोर इथं राहिली. मी कुणापुढं तुला नावं ठेवली नाहीत. एवढं कर.

मनकर्णा


धामणवाडी
१ डिसेंबर

ज्योती,

उत्तर नाही. पोस्टमन दिसला की मी उठते आणि तो मान हलवत पुढं जातो.

मागच्या पत्रात मी अर्धं लिहिलं. फोटो तुझ्याकडे असेल असं लिहिलं, पण दुसरी प्रत आपल्या घरी होती ते लिहिलं नाही. पत्र्याच्या पेटीत होती. ती मी चुलीत घातली. तू गेल्यावर आठ दिवसांनी सर्टिफिकेटवाले चौकशीला येणार असं कळलं, तेव्हा फोटो आणि अंगणवाडीचं कार्ड दोन्ही. दवाखान्यात आपण सांगून बसलो होतो की पोर जन्मापासून चालत-बोलत नाही. मग ताठ उभ्या पोरीचा फोटो घरात कसा ठेवायचा.

'आपण' लिहिलं. मी सांगितलं होतं, तू नाही.

ते कशासाठी सांगितलं हे तुलाही माहीत आहे. कारखान्याच्या रस्त्यावर गाडी बिभीषण हाकत होता. उसानं भरलेली गाडी, पाण्याच्या चारीजवळ बैल उसळले आणि पोर वरून पडली. डॉक्टर म्हणाले पोलिसांना कळवावं लागेल. पोर तर गेल्यासारखीच होती, त्यात पोरगाही आत गेला तर मागं काय उरलं असतं? मी माझ्या लेकासाठी बोलले. कोणती आई बोलली नसती?

अंगणवाडीत जाऊन आले. ताईंनी जुनं रजिस्टर काढून दाखवलं. ज्ञानूच्या नावापुढं सगळ्या रकान्यांत 'स्थलांतरित', 'स्थलांतरित'. वजन, उंची, बोलते का, चालते का, सगळं कोरं. सहा महिने आपण ऊसतोडीला, पोर आपल्याबरोबर, आणि उरलेल्या महिन्यांत ताईंनीही वरचंच खाली उतरवलं. आपली पोरं सरकारी वहीत वाढतच नाहीत बघ. कार्डावर तेवढं एकदा त्यांनी लिहिलं होतं, "पळते, गाणे म्हणते." ते मी जाळलं.

आता भरवण्याचं सांगते. एक निळं प्लास्टिकचं पिंप पुढून कापून घेतलं, आत गोधड्या कोंबल्या आणि ज्ञानूला त्यात बसवायला लागले. चार दिवस बरं चाललं. पाचव्या दिवशी मी भाकरी उलटायला वळले तेवढ्यात ती आत घसरली, हनुवटी छातीला टेकली आणि घास अडकला. ओठ निळे झाले. मी तिला पालथी केली, पाठीत थापट्या घातल्या. किती वेळ गेला सांगता येत नाही. भाकरी जळून तव्यावर कोळसा झाली होती, एवढा गेला.

फोटो पाठव, बाई. तुझ्या पाया पडते असं लिहिलं तर तुला ते नाटक वाटेल. पण मी पडते.

मनकर्णा


पाथर्डी, दवाखाना
१२ डिसेंबर

ज्योती,

छाती तिसऱ्यांदा भरली. काल दुपारी टेम्पोत घालून आणली. नाकात नळी आहे. बरगड्यांची पेटी वर-खाली होते ते बघवत नाही आणि नजर काढवतही नाही.

इथल्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत. म्हणाल्या, "आजी, या खेपेला निघेल ती यातून. पण असंच भरवत राहिलात तर पुढच्या खेपेचं मी सांगू शकत नाही."

शेजारच्या खाटेवरची बाई विचारते, हिची आई कुठं आहे. मी म्हटलं, कामाला गेली आहे. मग मला राग आला. पेरू पिकतात आणि सडतात, पेट्या भरायला दुसरं कुणीही मिळेल. पोरीसाठी आतडं तुटत नाही का तुझं? दगड झालीस का?

वरच्या ओळी खोडणार होते. राहू दे. असंच आलं होतं मनात.

तिला शुद्ध आहे. मघाशी खाली रस्त्यावरून बैलगाडी गेली, घुंगूरमाळ वाजली, तर तिचे डोळे खिडकीकडं गेले. आपल्याकडं आता बैल नाहीत, तरी गेले.

मनकर्णा


धामणवाडी
१९ डिसेंबर

ज्योती,

ज्ञानूला घरी आणली. आणि तुझं कार्ड मिळालं.

अडीच वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. दोनच वाक्यं आहेत. "फोटो माझ्यापाशी आहे. त्या दिवशी पोर तुमच्या कमरेला मी बांधली होती, दुहेरी गाठ मारून, ती गाठ कशी सुटली तेवढं लिहा."

आता इतक्या दिवसांनी कशी सांगू. धक्का जोराचा होता. लुगडं जुनं होतं, विरलेलं. गाठ आपोआप सैल झाली असेल. वर ऊस हलत असतो, माणूस हलतं, त्यात गाठीचं काय. मलाही लागलं होतं त्या दिवशी, आठवत असेल तुला.

कमिटीला महिना राहिला आहे. फोटो पाठवून दे.

मनकर्णा


धामणवाडी
२७ डिसेंबर

ज्योती,

मागचं पत्र फाडून टाक. त्यात एकच शब्द खरा आहे, की लुगडं जुनं होतं.

मोनिका परवा परत आली होती. तिला म्हटलं, फोटो मिळायला वेळ लागेल, तोवर तू तुझ्या हातानं लिही ना काहीतरी. ती म्हणाली, "आजी, अपघात कसा झाला हे फॉर्मवर लिहावंच लागतं. बघितलेल्या माणसानं लिहावं लागतं. कुणाला शिक्षा करायला नाही, खुर्ची द्यायला." मग फॉर्म माझ्यापुढं सरकवला. पाच रेघा आहेत तिथं, कोऱ्या. मी पेन घेतलं आणि दुपारभर त्या पाच रेघांपुढं बसून राहिले. ती बिचारी दोन वेळा चहा करून प्याली. शेवटी म्हटलं, तू जा, मी भरून ठेवते.

फॉर्मच्या आधी तुला लिहिते. विचारलंस तू पहिल्यांदा.

बैल उसळले नव्हते.

त्या दिवशी मला कारखान्याच्या दवाखान्यात कंबर दाखवायची होती म्हणून मी भरल्या गाडीवर बसले. ज्ञानू हट्ट धरून माझ्याबरोबर आली. तू खाली उभी राहून तिला वर दिलीस, मग मोळीवर पाय देऊन स्वतः चढलीस, माझा पदर तिच्या कमरेभोवती घेतलास आणि माझ्या कमरेशी दुहेरी गाठ मारलीस. ओढून बघितलीस. म्हणालीस, "आत्याबाई, गाठ सोडू नका बरं. खाली उतरल्यावरच सोडा." मी म्हटलं, "मला शिकवती का गं, तुझ्या नवऱ्याला असाच बांधून वाढवलाय." तू हसलीस आणि उतरलीस. बैलांसाठी उसाचं वाढं गोळा करायला मागं राहिलीस.

माझी तंबाखूची चंची कमरेला खोचलेली होती. ती गाठीच्या खाली दबली होती. कारखाना लांब होता, ऊन तापलं होतं, दाढेला तलफ आली होती. हात घालून बघितला, चंची निघेना. मग मी गाठ सोडली. मनात म्हटलं, चिमूटभर घेते आणि लगेच बांधते. गाडी सपाट रस्त्यावर होती. बैल सरळ चालले होते.

चंची निघाली ती माझ्या हातातून निसटली आणि उसावरून घरंगळत कडेला गेली. ज्ञानूला मी शिकवलेलंच होतं, आजीची चंची पडली की उचलून द्यायची. कोपीत दिवसातून दहादा द्यायची ती, त्याबद्दल मी तिला गुळाचा खडा द्यायचे. ती म्हणाली, "आजी, थांब, मी धरते."

ते तिचं शेवटचं बोलणं आहे. ते तुझ्याकडून मी एवढे दिवस लपवून ठेवलं. तुझ्या पोरीचा शेवटचा शब्द माझ्याजवळ होता आणि मी तुला दिला नाही.

ती धरायला वाकली आणि गेली. मी ओरडले तेव्हा बिभीषणनं कासरे ओढले, आणि तेव्हा बैल बिचकले. आधी नाही. खाली उतरल्यावर तो मला म्हणाला, "आई, बैल उसळलं का? चारी लागली का चाकाला?" त्याला पुढं बसून मागचं दिसलं नव्हतं. तो मला विचारत होता. मी म्हटलं, "व्हय."

एवढंच केलं मी. 'व्हय' म्हटलं. बाकीचं सगळं त्याच्यामागून आपोआप आलं.

दवाखान्यात मी आधी सांगितलं की पोर खाटेवरून पडली. डॉक्टर म्हणाले, खाटेवरून पडून एवढं लागत नाही, कळवावं लागेल. मला वाटलं, पोलीस येतील आणि विचारतील पोर कुणाच्या मांडीवर होती. तेव्हा माझ्या तोंडातून निघालं की ती जन्मापासूनच अशी आहे. तू म्हणालीस, "खोटं हाय. काल माझी पोरगी गाणं म्हणत हुती." आणि मी डॉक्टरांना म्हटलं, आईला धक्का बसलाय, तिचं मनावर घेऊ नका, आणि तुझं कोपर धरून तुला बाहेर काढलं. तुझ्या कोपराला माझी नखं लागली होती. ते लिहायचं राहू नये.

मग गावात बाया म्हणू लागल्या, ज्योतीच्या कुशीतच खोट. तू पाणी भरायला जायचीस ते लोक घरी गेल्यावर जायला लागलीस. मी ऐकत होते. एकदाही म्हटलं नाही की नाही, पोर सोन्यासारखी होती. म्हणजे तुला नावं ठेवली नाहीत असं मी पहिल्या पत्रात लिहिलं ते असं. ठेवली नाहीत, ठेवू दिली.

आणि तू पोरीला टाकून गेली नाहीस. तुझे भाऊ जीप घेऊन आले होते दोघींना न्यायला. मी ज्ञानूला मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसले आणि म्हटलं, सुनेला जायचं तर जाऊ दे, पोर आमच्या घरची आहे. तू माझ्या पायाशी बसलीस. लोकांना वाटलं म्हातारीची माया. माया होतीच. पण तू तिला नेलं असतंस तर तिकडच्या डॉक्टरला खरं सांगितलं असतंस, ही भीती मायेच्या वर होती.

पोर सांभाळली म्हणून गावात मला चांगलं म्हणतात. गणपतीच्या मांडवात सत्कार केला, शाल दिली. ती शाल मी तिच्या पिंपात कोंबली आहे.

तंबाखू त्या दिवसापासून खाल्ली नाही. हे तुला सांगून काही उपयोग नाही, तरी लिहिलं.

आता फोटो पाठवायचा की नाही ते तुझं तू ठरव. माझ्यावर सूड घ्यायचा असेल तर माझ्यावर घे. पिंपात मी बसत नाही, ती बसते.

मनकर्णा


धामणवाडी
९ जानेवारी २०२६

ज्योती,

मोनिकाचा फोन आला होता. तुझा लिफाफा केडगावला पोचला. फोटो आहे आणि चार पानं आहेत. चार पानं, मी दोन ओळी मागितल्या होत्या. मोनिकानं मला त्यातली एकच ओळ वाचून दाखवली, की ज्ञानेश्वरी बैलांची नावं घेऊन त्यांना ओरडायची आणि बैल तिचं ऐकायचे. मी म्हटलं, पुढं वाचू नको. ते तुझं आहे.

माझ्यासाठी त्यात एखादा शब्द आहे का, ते मी विचारून घेतलं. नव्हता. बरोबर आहे.

मीही त्या पाच रेघा भरल्या. पाचात मावलं नाही, मागच्या बाजूला लिहिलं. सही केली, अंगठा नाही. मोनिका म्हणाली, आता सर्टिफिकेटही बदलून घ्यावं लागेल आणि तिकडचे साहेब विचारतील आधी खोटं का सांगितलं. म्हटलं, विचारू देत. मला पाठ झालं आहे आता. कमिटी काय ठरवते ते वीस तारखेला कळेल. अर्ज पुष्कळ आले आहेत म्हणाली. नेवाशाचं एक पोर आहे, त्याला गिळताच येत नाही. ते ऐकल्यापासून मला कळत नाही की काय मागावं. आपल्याला मिळाली तर कुणाची तरी जाईल.

बिभीषणला सांगितलं. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं म्हणून गावच्या एका गाडीबरोबर कोपरगावकडं त्याच्या ऊसतोडीच्या तळावर गेले, ज्ञानूला आशाताईपाशी एका दिवसासाठी ठेवून. तो मोळ्या बांधत होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, तुला लिहिलं तसंच. तो बांधत राहिला. मोळी बांधून झाली, दुसरी बांधली. मग खाली बसला आणि म्हणाला, "आई, मग पवळ्याचा काय दोस हुता?"

तुला आठवतं ना, अपघातानंतर त्यानं बैल विकले. पवळ्यानंच हिसका दिला म्हणायचा. विकायच्या आधी त्याला मारलं होतं त्यानं, दाव्याला बांधून, आपल्याच अंगणात. मी तेव्हा घरात होते. दार लावून घेतलं होतं मी.

मग म्हणाला, "मी पोरीकडं बघत न्हाई, तुला वाटलं आसंल बाप कसला. मला तिच्याफुडं उभं राहायची लाज वाटायची." त्याहून जास्त बोलला नाही. मला टेम्पोत बसवून दिलं, पण पाया पडला नाही. पडू नये. तू गेलीस तेव्हा तो का उठून आडवा आला नाही हे तुला आता कळेल. तो स्वतःला गुन्हेगार समजत होता, त्याला तुला थांबवायचं तोंड नव्हतं. त्याला माफ करायचं की नाही ते तुम्ही दोघं बघा. माझी चूक मात्र त्याच्या नावावर धरू नको.

आता शेवटचं. फॉर्मवर एक रकाना आहे, खुर्ची कोणत्या पत्त्यावर द्यायची. मोनिकानं विचारलं होतं की पुढं चार-पाच वर्षं हिला रोज कोण भरवणार, कारण खुर्ची असली तरी भरवणारं माणूस लागतं, आणि पोर वाढेल तशी खुर्ची सैल-घट्ट करावी लागते. मी माझ्या डाव्या हाताकडं बघितलं. मग त्या रकान्यात लिहिलं: ज्योती बिभीषण, द्वारा गोजरबाई, राहाता. तुला न विचारता लिहिलं. आयुष्यात तुझ्याबद्दल बरंच न विचारता केलं, त्यात हे एक शेवटचं. पण कमिटीच्या उत्तराची वाट बघू नको. खुर्ची मिळो न मिळो, त्याच्या आधीच ये. चौथी खेप येईल तेव्हा ती तुझ्याजवळ असू दे.

न्यायला येशील म्हणून तिचं सगळं लिहून ठेवते, म्हणजे मला तोंडानं सांगावं लागणार नाही आणि तुला माझं ऐकावं लागणार नाही.

भाकरी दुधात कुसकरून, गुठळी न ठेवता. चमचा लहान, अर्धाच भरायचा. घास दिला की गळ्याकडं बघायचं, हलला की मग दुसरा. हनुवटी किंचित खाली ठेवायची, मान मागं टाकायची नाही. पाणी पातळ देऊ नको, ठसका लागतो, त्यात थोडं सातूचं पीठ कालवते मी. भरवल्यावर अर्धा तास आडवी करायची नाही, हा अर्धा तास फार लांब असतो. उजवा हात मुठीत असतो तो रोज उघडून पुसावा लागतो, आत घाम साचतो. सुरुवातीला चिडते. गूळ ओठाला लावला तर उघडते.

बैलाच्या घुंगरांची एक माळ पेटीत होती, ती तिच्या कपड्यांत बांधली आहे. रडायला लागली तर वाजव.

तुझं नाव घेतलं की तिचं काहीतरी होतं. मी अडीच वर्षं तिच्यापुढं तुझं नाव घेत नव्हते. हे पत्र लिहिताना मोठ्यानं वाचत होते, लिहायची सवय तशीच आहे माझी, तर 'ज्योती' म्हटलं की प्रत्येक वेळी ती श्वास धरते. मला आधी वाटलं घास अडकला. घास नव्हता.

ये. जीप कर, टेम्पो नको. खड्डे आहेत. बसशील तेव्हा तिला तुझ्या अंगाशी बांध. गाठ तूच मार आणि तूच सोड. मी घरात असेन. दार उघडं ठेवीन, पण बाहेर येणार नाही.

मनकर्णा